वीज गेली तरी हिशोब का बुडत नाही?

आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांच्या दुकानात आता कॉम्प्युटर आहे. ग्रे कापडाची खरेदी, यंत्रमागधारकांचे देणे, गिऱ्हाइकांची उधारी हे सारे त्याच्यात गेले आहे. तरीही एक धास्ती मनातून जात नाही. नोंद अर्धी झाली आणि तेवढ्यात वीज गेली, तर काय? ही धास्ती वावगी नाही. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात वही हाच पुरावा असतो. वही खोटी ठरली की रक्कम तर जातेच, पण वीस वर्षांचा संबंधही तुटतो. म्हणून कॉम्प्युटर आपला हिशोब कसा सांभाळतो, हे आम्ही येथे आपल्याच वहीखात्याच्या भाषेत मांडत आहोत.

आपल्या पेढीवर पूर्वीपासून दोन वह्या असतात. व्यवहार घडेल त्या क्रमाने ज्यात लिहितात ती रोजकीर्द, आणि प्रत्येकाच्या नावे बाकी काढून ठेवतात ती खतावणी. खतावणी फाटली तरी मुनीम घाबरत नाही. रोजकीर्द शाबूत असेल तर तिच्यावरून खतावणी पुन्हा उभी करता येते. कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्येही नेमकी हीच व्यवस्था आहे. तिथल्या रोजकीर्दीला लॉग म्हणतात, आणि खात्यांची पाने ही तिथली खतावणी होय.

आता अडचण कोठे येते ते पाहू. कॉम्प्युटर खात्याचे पान डिस्कवरून उचलून स्मृतीत आणतो आणि बदल तेथे करतो. स्मृती म्हणजे पाटी समजा. लिहिणे झपाट्याने होते, पण वीज गेली की पाटी कोरी. डिस्क ही वही. तिच्यावरचे टिकते, पण लिहायला वेळ लागतो. प्रत्येक बदलाबरोबर सगळी पाने डिस्कवर लिहीत बसले तर काउंटरवर रांग लागेल. म्हणून पाने सवडीने उतरवली जातात आणि लॉग मात्र तातडीने लिहिला जातो.

यासाठी दोन नियम आहेत. पहिला असा की, खात्याचे बदललेले पान डिस्कवर जाण्याआधी त्या बदलाची लॉगमधील ओळ डिस्कवर गेलीच पाहिजे. दुसरा असा की, व्यवहार संपल्याची ओळ लॉगमध्ये डिस्कवर उतरल्याखेरीज तो व्यवहार पक्का मानायचा नाही. या पक्क्या शेऱ्याला कमिट म्हणतात. एका व्यवहारातील सगळ्या नोंदी एक तर पुऱ्या लागतील, नाही तर एकही लागणार नाही. अर्धवट व्यवहाराला येथे जागा नाही.

एक हिशोब करून पाहू. समजा, रोख शिल्लक ५०,००० रुपये, एका गिऱ्हाइकाकडून येणे ३०,००० आणि एका यंत्रमागधारकाचे देणे २०,००० आहे. रोख आणि येणे मिळवून त्यातून देणे वजा केले की ६०,००० उरतात. गिऱ्हाइकाने १२,००० जमा केले. त्यानंतर यंत्रमागधारकाला ८,००० देण्याची नोंद सुरू झाली आणि तेवढ्यात वीज गेली. लॉगमध्ये त्या वेळी चार ओळी होत्या:

१. व्यवहार पहिला : गिऱ्हाईक, आधी ३०,०००, आता १८,०००
२. व्यवहार पहिला : रोख, आधी ५०,०००, आता ६२,०००
३. व्यवहार पहिला : पक्का
४. व्यवहार दुसरा : रोख, आधी ६२,०००, आता ५४,०००

प्रत्येक ओळीत आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा असे दोन्ही आहेत, हे ध्यानात ठेवावे. सारी करामत त्यातच आहे.

आता डिस्कवरची खतावणी पाहा. रोखीचे पान योगायोगाने उतरले होते, म्हणून तेथे ५४,००० आहे. गिऱ्हाइकाचे पान उतरायचे राहिले, म्हणून तेथे जुनेच ३०,००० आहे. देणे २०,००० तसेच आहे. बेरीज-वजाबाकी केली तर ६४,००० येतात, म्हणजे ४,००० ची तफावत. शिवाय ज्या गिऱ्हाइकाने इमानाने पैसे भरले, त्याच्याच नावावर पूर्ण बाकी दिसते. या खतावणीच्या भरवशावर तगादा केला तर भांडण ठरलेलेच.

वीज आल्यावर डेटाबेस दुकान उघडण्यापूर्वी स्वतःच दुरुस्ती करतो. तिच्या तीन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत तो लॉग वाचून कोणते व्यवहार पक्के झाले आणि कोणते लटकले ते ठरवतो. येथे पहिला पक्का, दुसरा लटकलेला. दुसऱ्या फेरीत लॉगमधील जे बदल पानांवर पोचले नाहीत ते तो पुन्हा करतो. प्रत्येक पानावर त्याला शेवटी लागलेल्या ओळीचा क्रमांक असतो. रोखीच्या पानावर ४ आहे, तेव्हा तेथे काही करायचे नाही. गिऱ्हाइकाच्या पानावर त्याहून जुना क्रमांक आहे, तेव्हा पहिली ओळ लावून बाकी १८,००० केली जाते. तिसऱ्या फेरीत लटकलेला व्यवहार उलटवला जातो. चौथ्या ओळीतील आधीचा आकडा घेऊन रोख परत ६२,००० होते. आता ६२,००० अधिक १८,००० वजा २०,००० म्हणजे ६०,०००. हिशोब जुळला.

कोणी विचारील, दुरुस्ती चालू असतानाच पुन्हा वीज गेली तर? त्याचीही सोय आहे. उलटवलेल्या प्रत्येक बदलाची भरपाईची ओळही लॉगमध्ये लिहिली जाते. त्यामुळे एकच नोंद दोनदा उलटवली जात नाही, आणि कितीही वेळा वीज गेली तरी शेवट तोच येतो.

ही पद्धत एका दिवसात बनलेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यवहाराची ही कल्पना पक्क्या पायावर उभी केली. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. वर सांगितलेली तीन फेऱ्यांची रीत ‘एरीज’ या नावाने १९९२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांत पहिले नाव मद्रासच्या आयआयटीत शिकलेल्या सी. मोहन यांचे आहे. आज अनेक मोठ्या डेटाबेसची दुरुस्ती याच धर्तीवर चालते.

लॉग वाढत जातो, मग दरवेळी पहिल्या पानापासून वाचायचा काय? नाही. मुनीम जसा मधूनमधून शिल्लक काढून रेघ मारतो, तसा डेटाबेसही खूण करून ठेवतो. तिला चेकपॉइंट म्हणतात. पोस्टग्रेस या मोफत मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये मुद्दाम बदलले नाही तर निदान दर ५ मिनिटांनी ही खूण होते. दुरुस्ती त्या खुणेच्या आसपासपासून सुरू करता येते.

आता व्यापारी बांधवांनी स्वतः काय सांभाळायचे ते सांगतो.

लॉगची फाइल कधीही पुसू नये. डिस्क भरली म्हणून जागा करायला पुष्कळ जण ती फालतू समजून काढून टाकतात. पोस्टग्रेसमध्ये लॉगच्या कप्प्याचे नाव ‘एक्सलॉग’ होते. लोक ते निरुपयोगी समजून पुसू लागले, म्हणून २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ते नावच बदलून ‘वॉल’ करावे लागले.

लॉग वीज जाण्यावरचा इलाज आहे, डिस्क जळण्यावरचा नाही. त्यासाठी बॅकअप वेगळ्या डिस्कवर आणि दुकानाबाहेर ठेवावा. बॅकअपनंतरचा लॉगही वेगळा जपला असेल, तर जुन्या बॅकअपवर तो लावून शेवटच्या पक्क्या व्यवहारापर्यंत येता येते. काम चालू असताना नुसती फाइल उचलून नक्कल करणे धोक्याचे. प्रोग्रामची स्वतःची बॅकअपची सोय वापरावी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली थैली.

काही डिस्क मजकूर आपल्या पोटातल्या स्मृतीत ठेवून ‘लिहिला’ असे कळवतात. अशा वेळी वरचे दोन्ही नियम फुकट जातात. म्हणून चांगली डिस्क घ्यावी आणि यूपीएस लावावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कॉम्प्युटरला हातातली रोकड दिसत नाही. वरच्या उदाहरणात ८,००० यंत्रमागधारकाच्या हातात आधीच पडले असतील, तरी दुरुस्तीनंतर मशीन ते दिलेच नाहीत असे सांगेल. तेव्हा आधी नोंद पक्की होऊन पावती निघावी, मग पैसे हातात द्यावेत. वीज आल्यावर शेवटची नोंद लागली की नाही हे पाहिल्याशिवाय ती पुन्हा करू नये; नाही तर एकाच मालाचे पैसे दोनदा लागतील. यंत्र लिहिलेला हिशोब राखील. लिहिण्याचा क्रम पाळणे मात्र गादीवर बसणाऱ्याचे काम आहे.