बियाचे रोप की फांदीचे कलम?

जामनेर तालुक्याचे मुख्य पीक कापूस असले तरी केळी, मोसंबी, लिंबू आणि डाळिंब यांच्या बागाही येथे आहेत. बाग उभी राहते ती कोठेतरी तयार झालेल्या रोपावर. रोपे तयार करून विकणे हा थोड्या भांडवलात होणारा धंदा आहे. पाच-दहा गुंठे जागा, बारमाही पाणी आणि घरातील चार हात एवढ्यावर तो सुरू करता येतो. सुशिक्षित तरुणांनी त्याचा जरूर विचार करावा.

मात्र या धंद्याची एक गोष्ट इतर धंद्यांहून वेगळी आहे. कापड घेणारे गिऱ्हाईक कापड चोळून पाहते, धान्य घेणारे दाणा दाताखाली धरते. फळझाडाचे रोप घेणाऱ्याला मात्र माल खरा की खोटा हे तीन ते पाच वर्षांनी, झाड फळाला आल्यावर कळते. तोपर्यंत त्याचे खत, पाणी, मजुरी आणि जमीन अडकून पडलेली असते. म्हणून कोणते रोप बियापासून करावे आणि कोणते फांदीपासून, हे समजल्याशिवाय पिशव्या भरायला बसणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाशी खेळणे होय.

बियात नर आणि मादी दोन्हीकडचे गुण मिसळलेले असतात, म्हणून बियाचे झाड आईसारखे निघेलच असे नाही. फांदी हा मात्र त्याच झाडाचा तुकडा असतो, त्यामुळे तिचे फळ मूळ झाडासारखेच येते. खजुराचे उदाहरण घ्या. खजुरात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. खाऊन टाकलेल्या बिया रुजतात, पण त्यांतली सुमारे निम्मी झाडे नर निघतात, म्हणजे फळ नाहीच. कच्छमधील जुन्या बागा बियांच्या आहेत आणि तेथे एका झाडाचे फळ दुसऱ्याशी जुळत नाही. अरब देशांत बरहीसारखी जात टिकवण्यासाठी बुंध्याशी फुटणारी पिल्ले काढून लावण्याची रीत फार जुनी आहे. ‘कलम’ हा शब्दही मूळचा अरबी. तिरपा काप दिलेला बोरू आणि तिरपा काप दिलेली फांदी, दोन्हींना आपण एकाच नावाने ओळखतो.

आपल्याकडे डाळिंबाला हाच नियम लागू पडतो. भगवा जातीचे बी सहज रुजते, पण त्या रोपांच्या फळांचा रंग, आकार आणि दाण्याचा मऊपणा सारखा राहत नाही आणि व्यापारी असा माल एका भावात घेत नाही. म्हणून डाळिंब छाट कलमाने किंवा गुटीने करतात. छाट कलमासाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची, पक्व झालेली फांदी घ्यावी. २० ते २५ सेंटिमीटर लांबीचे, चार-पाच डोळे असलेले तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा तिरपा द्यावा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. खालचे टोक मुळ्या फुटण्याच्या संजीवकात बुडवून सावलीत लावावे. गुटी पावसाळ्यातच बांधावी. फांदीवरची अडीच-तीन सेंटिमीटर साल गोलाकार काढून तेथे ओले शेवाळ लावतात आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधतात. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून मुळ्या दिसू लागतात. खानदेशच्या कोरड्या हवेत इतर वेळी शेवाळ लवकर सुकते आणि मेहनत वाया जाते.

फांदी आईचे गुण आणते तसे रोगही आणते. तेल्याने ग्रासलेल्या बागेतील गुट्या घेतल्या तर नवी बाग पहिल्या दिवसापासूनच रोगी होते. स्वस्त मिळाल्या म्हणून कोठल्याही बागेतून गुट्या उचलणारे नर्सरीवाले आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे. केळीचेही तसेच आहे. खाण्याच्या केळीत रुजणारे बी नसते, त्यामुळे कंद किंवा मुनवे हाच मार्ग होता. त्यातून मोझॅकसारखा विषाणूरोग एका बागेतून दुसरीत जातो. २०२० साली जळगाव जिल्ह्यातील केळीपट्ट्याला या रोगाचा मोठा फटका बसला. ऊतिसंवर्धित रोपे त्या मानाने सुरक्षित, पण ज्या झाडावरून ती काढली त्याची विषाणू तपासणी झाली असेल तरच.

मग बी कोठे चालते? कागदी लिंबात. लिंबाच्या एका बियातून अनेकदा दोन-तीन अंकुर येतात आणि त्यांतले बहुतेक परागाशिवाय, आईच्याच पेशींपासून झालेले असतात. म्हणून बी पेरूनही आईसारखे झाड मिळते. फार खुरटी आणि वेगळी दिसणारी रोपे तेवढी उपटून टाकावीत. बी ताजेच पेरावे, वाळले की उगवण घटते. मोसंबीत दोन्ही पद्धती एकत्र येतात. खाली रंगपूर लिंबाचे बियाचे खुंट आणि वर निवडक झाडाचा डोळा. हा डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरलेला असावा. जोड मातीला टेकला की डिंक्या रोग लागतो. पपई तर बियाचीच. पण तैवान ७८६ ही संकरित जात आहे, तिच्या फळातले बी धरून पुढची रोपे केली तर ती एकसारखी येत नाहीत. ताजे विकत घेतलेले बी महाग पडते, तरी तेच वापरावे.

कोरडवाहू जमिनीत बियाचा आणखी एक फायदा आहे. बियाच्या झाडाला सोटमूळ असते आणि ते खोल जाते. फांदीच्या झाडाला तसे सोटमूळ नसते. म्हणून बोराचे बी शेतातच पेरून त्यावर जागेवर उमराण किंवा मेहरूणचा डोळा भरणे शहाणपणाचे.

बी कमी प्रतीचे, असेही समजू नये. डाळिंबाची गणेश ही जात १९३६ मध्ये डॉ. चिमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड येथे आळंदी जातीच्या बियांच्या रोपांतून निवडली. नवी जात बियातून मिळते, पुढे ती फांदीने वाढवायची. पण हे संशोधन केंद्राचे काम आहे, गिऱ्हाइकाच्या शेतावर हा प्रयोग करू नये.

फळझाडांच्या रोपवाटिकेसाठी १९६९ च्या कायद्यानुसार कृषी खात्याचा परवाना लागतो. त्याआधी स्वतःची दहा-वीस निरोगी मातृवृक्षांची लागवड करावी आणि डोळा किंवा गुटी कोणत्या झाडावरून घेतली याची वही ठेवावी. पहिल्या वर्षी लिंबाचे चार वाफे आणि डाळिंबाच्या थोड्या गुट्या एवढेच हाती घ्यावे. मोसंबीचा डोळा भरायला हात बसावा लागतो. तो एक हंगाम एखाद्या जाणत्या बागवानाकडे मजुरीने जाऊन शिकलेला बरा.