फितीवरील प्रत : साधन कसे निवडावे?

उरण तालुक्यातील आमचे वाडवडील पुढील हंगामाचे भाताचे बी खाण्याच्या धान्यात मिसळीत नसत. ते निराळे, कोरड्या जागी राखून ठेवीत. घरातील धान्य सरले तरी शेत पुन्हा उभे राहावे, हा त्यातील हेतू. संगणकातील माहितीसही हाच न्याय लागू पडतो.

जून २०१७ च्या अखेरीस जासईशेजारच्या न्हावा-शेवा बंदरात याचा प्रत्यय आला. नॉटपेट्या नामक घातक प्रोग्रॅम मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला आणि तिच्या समूहाकडे असलेल्या येथील धक्क्याचे काम अडले. कंपनीच्या जाळ्यातील प्रवेशाची व्यवस्था पाहणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची प्रत राखीत असत. परंतु ते परस्परांस जोडलेले असल्यामुळे एकदमच पुसले गेले. घाना देशातील एकच वाचला; कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी बंद होता! तात्पर्य, जाळ्यापासून अलग असलेली प्रत हीच संकटकाळी कामास येते. चुंबकीय फीत यंत्रातून काढून कपाटात ठेवता येते, म्हणूनच ती आजही वापरात आहे.

ते सर्व्हर विंडोज प्रणालीचे होते. पण धडा युनिक्सच्या यंत्रांसही तितकाच लागू आहे. युनिक्सच्या कुळात लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस, एआयएक्स अशा अनेक प्रणाली आहेत. आगरी बोली व पुणेरी मराठी यांचे कूळ एक, तरी शब्द निराळे. तसेच यांचे आहे. एकाच कचेरीत अशी मिश्र यंत्रे असली म्हणजे साधन पारखून घ्यावे लागते.

‘डंप’ हे साधन डिस्कवरील फाइल-रचनेचा अंतर्गत आराखडा वाचून प्रत करते. म्हणून ती प्रत निराळ्या रचनेच्या यंत्रावर उघडेलच असे नाही. ‘सीपीआयओ’चा जुना द्विमान प्रकार आकडे यंत्राच्या स्वतःच्या बाइट-क्रमाने लिही, क्रम उलट असलेल्या यंत्रावर घोटाळा होई. ‘टार’ मात्र फाइलचे नाव, आकार व वेळ साध्या अक्षरांत नोंदवितो. सबब त्याची प्रत बहुतेक सर्वत्र वाचता येते.

यंत्रे पुष्कळ असल्यास व्यवस्थापक हवा. मेरीलँड विद्यापीठात जन्मलेला ‘अमांडा’ प्रत्येक यंत्रावरील टार किंवा डंप यांकडूनच काम करून घेतो. त्यामुळे अमांडा हाताशी नसतानाही फीत साध्या साधनांनी वाचता येते. ‘बॅक्युला’ची सूची फार सोयीची, पण फितीवरील मांडणी त्याची स्वतःची आहे, त्याची साधने व सूचीची प्रत निराळी जपावी लागते. मिश्र यंत्रांच्या लहान कचेरीस आम्ही अमांडा व टार यांची जोडी सुचवू.

तथापि साधन कोणतेही असो, कसोटी एकच. महिन्यातून एकदा एखादी फाइल फितीवरून दुसऱ्याच यंत्रावर परत आणून मूळ फाइलशी ताडून पाहावी. पवित्र शास्त्रातील योसेफाने सुकाळात कोठारे भरली. पण दुष्काळात ती उघडून लोकांस धान्य देता आले, तेव्हाच त्याचे श्रम सार्थकी लागले. मुलांचे दाखले व घरची छायाचित्रे एकाच फोनमध्ये ठेवणाऱ्या पालकांनीही आजच एक प्रत निराळी करावी, आणि ती उघडते की नाही हे पाहावे.