जिओकॅशिंग : लपवलेल्या डब्याचे शिष्टाचार आणि निगा (इयत्ता ५ वी ते ७ वी)



सहावीच्या भूगोलात अक्षवृत्तं-रेखावृत्तं आली की मुलं वृत्तजाळी वहीत सुबक काढतात, व्याख्याही पाठ करतात. पण "आपलं अनसिंग कुठल्या अक्षांशावर आहे रे?" असं विचारलं की नकाशाकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघतात. हा घटक वहीतून बाहेर काढून पायाखाली आणायला जिओकॅशिंग हा खेळ फार उपयोगी पडतो. मात्र खेळ सुरू करायच्या आधी त्याचे शिष्टाचार शिकवावे लागतात, आणि ते आपल्या भागाला जुळवून घ्यावे लागतात. आजचा लेख मुख्यतः त्याबद्दल.

खेळ असा. कोणी एक जण डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे मोबाइलवरच्या जीपीएसने तिथे पोहोचतात, डबा शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तसा, होता तिथेच ठेवून देतात. 'कॅश' हा शब्द 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे, त्याचा रोकडीशी काही संबंध नाही. पण "आमची मुलं पांदणीत कॅश शोधतात" हे वाक्य गावात चुकूनही बोलू नका! आपण सरळ 'डबा' म्हणू. डबा ऐसपैस खेळलेल्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

याची सुरुवात मुलांना गोष्टीसारखी सांगता येते. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या सैन्याचे. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० च्या सुरुवातीला ही चूक काढून टाकली गेली. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, एक गुलेर आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबा अशा वस्तू होत्या. नियम एकच होता : काही घ्या, काही ठेवा. गंमत म्हणजे ती बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात खाण्याची वस्तू होती. आज या दोन्ही गोष्टी खेळात सहसा चालत नाहीत. म्हणजे नियम आधी आले आणि खेळ नंतर, असं झालेलं नाही. लोक खेळत गेले, अडचणी आल्या, तसतसे नियम झाले. मुलांना हे आवर्जून सांगा, म्हणजे "असं का?" विचारायची त्यांना सवय लागते.

आता थोडं गणित. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ किलोमीटर. मिनिटाच्या पुढचा तिसरा दशांश बदलला तर जागा सुमारे १.८५ मीटरने सरकते. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे २० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास रेखांशाचं एक मिनिट सुमारे १.७४ किलोमीटर भरतं. मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइल चार-पाच मीटरपर्यंत जागा बरोबर दाखवतो. दाट झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून उभं राहिलं की चूक वाढते. म्हणून शेवटच्या दहा पावलांत मोबाइल खिशात ठेवायचा आणि डोळे वापरायचे. एक मोबाइल पाच-सहा मुलांत पुरतो, तो शिक्षकाचा असला तरी चालतं. डबे एकमेकांच्या फार जवळ नकोत. मूळ खेळात दोन डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग अंतर ठेवतात. शाळेच्या आवारात एवढी जागा नसते, तरी पन्नास-साठ पावलं तरी ठेवा, नाहीतर एक गट दुसऱ्याच गटाचा डबा उघडून बसतो.

जागा निवडताना

पहिली गोष्ट परवानगी. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांची, बाहेर त्या जागेच्या मालकाची. शेताच्या धुऱ्यावर डबा ठेवायचा तर शेतमालकाला विचारायचं, मुलांना सोबत नेऊन विचारायचं. "काका, तुमच्या धुऱ्यावरच्या लिंबाखाली खेळाचा डबा ठेवू का? पेरणीच्या आधी काढून घेऊ." हे वाक्य मुलाने स्वतः बोलणं हा भाषेचाही पाठ आहे. अभयारण्यात आणि संरक्षित स्मारकाजवळ परस्पर काहीही ठेवायचं नाही. झाडाला खिळा मारायचा नाही, दगड उचकटायचे नाहीत, आणि डबा कधीही पुरायचा नाही.

पुरायचा नाही, या नियमाला आपल्या भागात आणखी एक कारण आहे आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. गुप्तधनाचं वेड. कोणीतरी कुठेतरी खड्डा करताना दिसलं, डबा दिसला, की गावात कुजबुज सुरू होते. मग रात्री दुसरेच कोणी येऊन ती जागा उकरतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख करावा लागला, यावरून हे प्रकरण किती गंभीर आहे ते कळतं. आपला खेळ या संशयाच्या जवळपासही जाता कामा नये. म्हणून डबा पारदर्शक हवा, आतलं सगळं बाहेरून दिसलं पाहिजे. वर मोठ्या मराठी अक्षरात चिठ्ठी हवी : "हा शाळेच्या खेळाचा डबा आहे. आत मौल्यवान काही नाही. कृपया इथेच राहू द्या." खाली शाळेचं नाव आणि फोन. नाणी, लाल कापड, दोरा, लिंबू, बाहुली, हळद-कुंकू यांपैकी काहीही आत ठेवायचं नाही. मुलं निरागसपणे बाहुली ठेवतात, आणि सकाळी चाऱ्याला निघालेल्या बाईला ती दिसली की तिला धडकीच भरते. तिला भित्री म्हणून आपण मोकळं होऊ नये, तिला न घाबरवणं हा आपला शिष्टाचार आहे. चिठ्ठीशिवायचा बंद डबा शहरात तर बेवारस वस्तू ठरतो. इंग्लंडमध्ये वेदरबी गावात २०११ साली असाच एक डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकाने उडवून दिला होता. आणि म्हणूनच बसस्थानक, बाजार, यात्रेची जागा, दवाखाना हे सगळं वर्ज्य.

शोधताना खरोखरच जुनी वस्तू दिसली तर? तिला हात न लावता आधी शिक्षकांना सांगायचं. १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९३९ साली आपल्या वाशिममध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला आणि वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम इथे वाकाटकांची एक वेगळी शाखा राज्य करत होती हे इतिहासकारांना कळलं. तो ताम्रपट कोणी भंगारात घातला असता, तर? हा प्रश्न वर्गात विचारून बघा, उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

हात घालायचा नाही

पालकांनी हा भाग नीट वाचावा, कारण मुलं सुट्टीत आपापलं खेळायला लागतात. परदेशी व्हिडिओंत माणसं दगडांच्या ढिगात, झाडाच्या ढोलीत सरळ हात घालताना दिसतात. आपल्याकडे तिथे विंचू असतो, मण्यार असते, नाग असतो. म्हणून आपला नियम असा ठेवा की डबा नेहमी कमरेच्या वर, उभ्याने दिसेल अशा ठिकाणी असेल : कुंपणाच्या खांबामागे, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, झाडाच्या दुबेळक्यात. दगडाखाली, बिळात, ढोलीत, गवतात, विहिरीजवळ, विजेच्या खांबाला किंवा डीपीजवळ आमचा डबा कधीच नसतो, हे वाक्य मुलांकडून रोज म्हणून घ्या. ते पक्कं झालं की मूल तिथे शोधतच नाही. तरीही हातात काठी हवी, पायात बूट-चप्पल हवी, आणि गटात किमान तिघं हवीत.

डब्यात काय ठेवायचं यावर मुलांशी बोलायला मजा येते. खाऊ नको : मुंग्या लागतात, माकडं डबा पळवतात, उन्हात खाऊ खराब होतो. काडेपेटी, ब्लेड, औषधाची गोळी नको. आणि गुंजा नकोत! लालभडक, काळ्या ठिपक्याच्या गुंजा मुलांच्या खिशात हमखास असतात. पण तिचं बी विषारी असतं, चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. धोतऱ्याचं आणि एरंडीचं बीही तसंच. चालतं काय? गोटी, बटण, मोराचं गळलेलं पीस नको (ते ठेवण्या-देण्यावरून वाद होतात), स्वतः काढलेलं चित्र, कागदी भिंगरी, कोडं लिहिलेली चिठ्ठी. घेतलं तर तेवढ्याच मोलाचं किंवा जास्त मोलाचं ठेवायचं. खडूचा तुकडा ठेवून नवं खोडरबर उचलणारे वर्गात असतातच. त्यांना ओरडण्यापेक्षा नोंदवहीत "काय घेतलं, काय ठेवलं" असे दोन रकाने आखा. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बराच फरक पडतो.

"सापडला नाही" हेही लिहायचं

मला या खेळात सर्वांत आवडते ती ही गोष्ट. डबा मिळाला नाही तरी खेळाडूने तसं नोंदवायचं असतं. यात कमीपणा नाही. लागोपाठ तीन गटांनी "सापडला नाही" लिहिलं, तर डबा ठेवणाऱ्याला कळतं की डबा हरवला असेल, जाऊन बघायला हवं. कोणी खोटंच "सापडला" लिहिलं, तर पुढची दहा मुलं उन्हात रिकामी फिरतात. काही जण न सापडलेल्या डब्याऐवजी स्वतःचाच डबा ठेवून मोकळे होतात. तेही चालत नाही, कारण मग एका जागी दोन डबे होतात आणि मूळ मालकाला पत्ता नसतो.

आपल्या वर्गात "मला आलं नाही" म्हणणं किती अवघड असतं, हे आपण सगळे जाणतो. गणित सुटलं नाही तर मूल शेजारच्याचं बघून उत्तर लिहितं, पण कोरं ठेवत नाही. त्याला कोऱ्या जागेची भीती आपणच घातलेली असते. डब्याच्या खेळात मात्र "नाही" लिहिणाऱ्याचे आभार मानले जातात. म्हणून वर्गातल्या फलकावर दोन्ही नोंदी सारख्याच रंगाच्या खडूने लिहा आणि "सापडला नाही"साठी गुण कापू नका. कुठे कुठे शोधलं, मोबाइल किती मीटर दाखवत होता, हे ज्याने नीट लिहिलं त्याची नोंद मोठ्याने वाचून दाखवा. जागा उघड होईल असं मात्र नोंदीत लिहायचं नाही, पुढच्याची मजा जाते. अशी नोंद लिहिणं हे प्रकट लेखनाचं उत्तम काम आहे.

आता निगा. उन्हाळ्यात पाणपोई मांडली जाते, पहिल्या दिवशी नारळ फुटतो, फोटो निघतात, आणि पंधरा दिवसांनी माठ कोरडा पडलेला असतो. डब्याचं तसंच होतं. म्हणून प्रत्येक डब्याला दोन मुलांची 'राखणदार जोडी' नेमा. दर शनिवारी त्यांनी जाऊन पाहायचं : झाकण घट्ट बसतं का, वही ओली झाली का, चिठ्ठीवरची अक्षरं उडाली का. वही झिपच्या पिशवीत ठेवा आणि सोबत पेन्सिल द्या, पेन नको. दमटपणात शाईची नोंद पसरते, उन्हात पेन गळतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हलकं प्लास्टिक वाकडं होऊन झाकण बसेनासं होतं, म्हणून डबा सावलीच्या बाजूला हवा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवरचा डबा ठेवूच नका. डब्यापर्यंत जाणाऱ्या वाटेचीही निगा असतेच. सगळे एकाच बाजूने गेले की गवत तुडवून पायवाट पडते आणि डबा कुठे आहे हे कोणालाही कळतं. जगभरचे खेळाडू २००२ पासून डबा शोधून परतताना वाटेवरचा कचराही उचलून आणतात. गाडगेबाबांच्या विदर्भात हे वेगळं सांगायला लागू नये, पण गुटख्याच्या पुड्यांनी भरलेली पिशवी पाहिली की सांगावं लागतं. काच आणि सुया मात्र मुलांना उचलू देऊ नका.

जिथे डबा ठेवता येत नाही तिथे बिनडब्याचा खेळ आहे. त्याला अर्थकॅश म्हणतात. जागेवर जायचं, निरीक्षण करायचं आणि प्रश्नाचं उत्तर आणायचं. लोणारची सहल नेणाऱ्यांनी हा प्रकार जरूर करावा. तिथलं विवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. सरोवर २०२० पासून रामसर यादीत आहे. मुलांना काठावरच्या ठरलेल्या ठिकाणी उभं करून विचारा : समोरचा काठ आपल्यापेक्षा उंच दिसतो की सखल? धारेचं पाणी गोड, मग सरोवराचं खारं का? या विवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट दिसते का? उत्तर वहीत आणायचं, खडा किंवा पाणी खिशात-बाटलीत आणायचं नाही.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. डबा काढून घेणं. वार्षिक परीक्षेच्या आधीच्या शनिवारी राखणदार जोड्यांनी सगळे डबे शाळेत जमा करायचे, फलकावरच्या यादीत प्रत्येकापुढे "काढला" आणि तारीख लिहायची, आणि ज्यांच्या जागेत डबा होता त्यांना जाऊन सांगायचं. सुट्टीत गावभर पडलेला डबा हा नुसता कचरा. वह्या शाळेच्या कपाटात ठेवा. जूनच्या शेवटी नवीन वर्ग आला की त्याला आधी या जुन्या नोंदी वाचायला द्या, मग मोबाइल.