पार्ल्याची पिवळी पुडी

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, अंधेरीच्या अलीकडे, विलेपार्ले हे स्थानक आहे. पुष्कळ वर्षे येथे आगगाडी थांबली, की डोळे मिटून बसलेल्या उतारूसही कोणते स्थानक आले हे कळत असे. भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांचा गोड सुवास डब्यात शिरे. रुळांच्या पूर्वेकडील ज्या कारखान्यातून तो येई, तो २०१६ साली बंद झाला; परंतु तेथे जन्मलेले बिस्किट आज देशभर अन्यत्र तयार होते.

मोहनलाल दयाळ चौहान हे मूळचे कापडधंद्यातले गृहस्थ. स्वदेशीच्या चळवळीचा त्यांच्या मनावर परिणाम झाला. त्या काळी उत्तम बिस्किटे व गोळ्या विलायतेहून येत आणि त्या सधनांच्याच घरी दिसत. चौहानांनी जर्मनीत जाऊन ही विद्या आत्मसात केली, यंत्रे आणविली, आणि १९२९ साली पार्ले येथे कारखाना घातला. कामाला माणसे अवघी बारा, तीही घरचीच. कारखान्यास नाव द्यावयाचे राहून गेले आणि गावाचेच नाव त्यास चिकटले, असे सांगतात. आरंभी तेथे गोळ्या होत. सुमारे दहा वर्षांनी ‘पार्ले ग्लुको’ हे बिस्किट निघाले.

बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात व न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, या अर्थाची एक म्हण आपल्याकडे आहे. परंतु गहूच नसेल तर बोलणाऱ्याने काय करावे? १९४७ साली देशाची फाळणी झाली. गव्हाची पुष्कळशी जमीन सीमेपलीकडे गेली आणि पार्ले ग्लुकोचे उत्पादन काही काळ थांबवावे लागले. एखाद्या व्यापाऱ्याने अशा वेळी जाहिरातीचा पैसा वाचविला असता. विकावयास माल नाही, मग दवंडी कशासाठी? पार्लेच्या चालकांनी मात्र वृत्तपत्रांत जाहिरात दिली. स्वातंत्र्यासाठी प्राण वेचणाऱ्यांना तीत वंदन केले होते, आणि गव्हाचा पुरवठा सुरळीत होईपर्यंत लोकांनी जवाची बिस्किटे खावीत, अशी विनंती केली होती. ग्राहकाशी चाललेले बोलणे त्यांनी तुटू दिले नाही.

शेतकरी वळवाचा पाऊस आणि भिजपाऊस यांतील भेद जाणतो. वळीव गर्जत येतो, पण त्याचे पाणी बहुधा वाहून जाते. भिजपाऊस जमिनीत मुरतो. जाहिरातीचेही तसेच आहे.

तथापि मुरलेल्या पाण्यावर शेजाऱ्याचेही पीक येऊ शकते! पार्लेच्या वाट्यास नेमके हेच आले. ‘ग्लुको’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला, तशी इतर कारखानदारांनीही ग्लुकोजची बिस्किटे बाजारात आणली. ‘शोले’ चित्रपटातील गब्बरसिंग ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटाची जाहिरात करू लागला. ग्राहक दुकानात जाऊन नुसते “ग्लुकोज बिस्किट द्या” म्हणे आणि दुकानदार हाताशी येईल ती पुडी पुढे करी. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, असा हा प्रकार होता. जाहिरात मालाच्या प्रकाराची नव्हे, नावाची व्हावयास हवी, हे यातून दिसले.

पार्लेने पिवळ्या पट्ट्यांच्या मेणकागदाचे वेष्टन काढले व त्यावर एका गुबगुबीत मुलीचे चित्र घातले. निरक्षर माणूस नाव वाचू शकत नसला तरी चित्र ओळखतो. एवढ्यानेही घोटाळा पुरता मिटला नाही. तेव्हा १९८२ साली बिस्किटाचे नाव ‘पार्ले-जी’ असे करण्यात आले आणि दूरदर्शनवर आजोबा व नातवंडे यांची जाहिरात झळकली. पुढे १९९८ साली ‘शक्तिमान’ आला. पात्रे पालटली, पण पिवळा रंग व मुलीचे चित्र कायम राहिले.

या खर्चाची भरपाई कशी होते, हा प्रश्न येथे उद्भवतो. एका पुडीमागे नफा अगदी थोडा. तेव्हा पुड्या अगणित खपल्या तरच जाहिरात परवडते, आणि जाहिरात असेल तरच त्या तशा खपतात. लहान पुडीची किंमत कित्येक वर्षे चार रुपयेच राहिली; खर्च वाढला तेव्हा वजन थोडे घटविले, पण किंमत वाढविली नाही. २०१३ साली या बिस्किटाची वार्षिक विक्री ५,००० कोटी रुपयांच्या वर गेली. जे बिस्किट मजुराला चहात बुडवून खाता येते, त्याच्याच बाबतीत हे घडू शकले. माल कच्चा असता, तर याच जाहिरातींनी त्याची अपकीर्तीही तितक्याच वेगाने घरोघर नेली असती.

पुडीवरील ती मुलगी कोण, हा प्रश्न लोक अजूनही विचारतात. कोणी अमुक गावची म्हणतो, कोणी तमुक घरची. एव्हरेस्ट या जाहिरातसंस्थेतील मगनलाल दहिया या चित्रकाराने १९६० नंतरच्या दशकात ते चित्र काढले; तशी मुलगी प्रत्यक्षात कोणीच नव्हती, असे कारखान्याकडून सांगण्यात आले आहे. लोकांचा मात्र त्यावर विश्वास बसत नाही.