तीनशेचा प्लॅन घेण्याआधी

सातारा

चि. सोनू यास,


तुझा निरोप वाचला. इंटरनेटचा शंभर एमबीपीएसचा प्लॅन पुरत नाही म्हणून तीनशेचा घ्यायचा तुझा विचार आहे. सोसायटीत येणारा माणूस सहा महिन्यांचे पैसे एकदम भरा, राउटर फुकट देतो म्हणतोय आणि त्याला शनिवारपर्यंत उत्तर हवंय. माझं मत आधीच सांगते, शनिवारपर्यंत काही ठरवू नकोस. तीनशे हा आकडा वाईट नाही. पण सूनबाईचा गाण्याचा क्लास रात्री साडेआठनंतर तुटतो, तुझ्या दुपारच्या मीटिंगा मात्र सुरळीत होतात आणि आतल्या खोलीत नेट कधीच नीट येत नाही, असं तूच लिहिलंयस. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि तू दोन्हींवर एकच औषध घ्यायला निघाला आहेस.

आधी गरजेचा हिशोब करू. जाहिरातीतलं एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून शंभरच्या लाइनवर फाइल उतरवताना संगणक साडेबाराच्या आसपास मेगाबाइट दाखवतो. त्यात कुणी फसवत नाही, एककच वेगळं आहे. आता घरातली माणसं मोज. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीप्रमाणे फोर-के चित्राला १५ आणि फुल एचडीला ५ एमबीपीएस लागतात. चांगला व्हिडिओ कॉल तीन-चारमध्ये होतो. टीव्ही, तुझी मीटिंग, सूनबाईचा क्लास आणि छोटीचं कार्टून एकाच वेळी चालू धरलं तरी बेरीज चाळिशीच्या आत राहते. शंभर खरोखर मिळत असतील तर ते तुम्हाला पुरून उरतात. मग ते जातात कुठे, हे आधी शोधायला हवं.

सुरुवात घरातूनच कर. लॅपटॉप वायफायवरून काढ, राउटरला लॅन केबलने जोड आणि मग स्पीड मोज. वायरीवर नव्वद आणि आतल्या खोलीत फोनवर बारा येत असतील, तर कंपनीचा काही दोष नाही. मध्ये दोन आरसीसीच्या भिंती आहेत आणि राउटर टीव्हीच्या मागे कपाटात कोंबलेला आहे, दिवाळीला आले होते तेव्हा मी तो पाहिलाय. राउटर दोन बँडवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो, भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण तुमच्या इमारतीत प्रत्येक घराचा राउटर त्याच अरुंद पट्ट्यात बोलत असतो. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लगेच मान टाकतो. म्हणून राउटर घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर हवा. ते जमत नसेल तर आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढून घे आणि तिथे दुसरा छोटा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लाव. खर्च एकदाच होईल. वाढीव प्लॅनचे पैसे दर महिन्याला जातात, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी. ९९९चा प्लॅन हातात येतो तो ११७९ रुपयांना.

आणि त्या फुकटच्या राउटरची पाठ पाहा. बऱ्याच स्वस्त राउटरांना लॅनचे पोर्ट शंभरचेच असतात आणि काहींना ५ गिगाहर्ट्झ नसतोच. अशा डब्यावर तीनशेचा प्लॅन घेतलास तर वायरीवर शंभराच्या आत अडकशील आणि पैसे तीनशेचे भरशील. पोर्ट गिगाबिट आहेत का, हे थेट विचार. केबलही आठही तारा जोडलेली, कॅट-५ई किंवा त्यावरची हवी. चार तारांवर शंभरच्या पुढे जात नाही.

आता रात्री साडेआठचं. हेच मोजमाप वायरीवरच, एकदा सकाळी सहाला आणि एकदा रात्री साडेनऊला कर, असं आठवडाभर. स्पीडटेस्ट पुष्कळदा कंपनीच्याच जवळच्या सर्व्हरला जाऊन येते, त्यामुळे गावातला रस्ता मोकळा दिसतो आणि पुढचा घाट दिसत नाही. म्हणून फास्ट डॉट कॉमवरही मोज. ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. सकाळी पंच्याण्णव आणि रात्री वीस असा फरक पडत असेल, तर मूळ तुझ्या प्लॅनमध्ये नाही, कंपनीने पुढे घेतलेल्या क्षमतेत आहे. त्याच कंपनीचा तीनशेचा प्लॅन घेतलास तरी रात्रीची गर्दी तीच राहील. तिथे प्लॅन नव्हे, कंपनी बदलायची.

हे नीट कळावं म्हणून जरा आतलं सांगते. घरोघरच्या फायबरला सध्या बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धत असते. एक्स्चेंजकडून निघालेला एक काचेचा धागा वाटेत स्प्लिटरमध्ये बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. त्या धाग्यावर खाली येणारी क्षमता अडीच गिगाबिट, वर जाणारी सव्वा. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचाहत्तरच्या आसपास येतील. तसं सहसा होत नाही, कारण पाहणारा पाहता पाहता थोडं थोडंच ओढतो आणि म्हणूनच ही वाटणी चालते. पण त्यापुढे कंपनीने बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन किती जाड घेतली आहे, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं. ते रात्री साडेनऊच्या मोजमापातच कळतं. शेजाऱ्यांना विचार. तुमच्याच इमारतीत, तू घेणार असशील त्या कंपनीचं नेट वापरणारी दोन-तीन घरं असतील. त्यांना स्पीड विचारू नकोस. मागच्या पावसाळ्यात नेट किती वेळा गेलं आणि माणूस किती वेळाने आला, ते विचार.

‘फायबर’ हा शब्द प्रत्येक जाहिरातीत आहे, पण फायबर कुठपर्यंत येतो हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नकोस. काही ठिकाणी फायबर गच्चीपर्यंतच येतो, तिथे पेटीत एक स्विच असतो आणि घरात उतरते ती साधी लॅन केबल. ती वाईटच असते असं नाही, पण त्या स्विचला वीज लागते. सोसायटीची वीज गेली आणि पेटीत बॅटरी नसली, की तुझ्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद. पावसाळ्यात विजा कडाडल्या की गच्चीवरून उतरलेल्या तांब्याच्या केबलीमुळे घरातला पोर्ट जळण्याचीही भीती असते. खरा घरपोच फायबर असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. पलीकडे एक्स्चेंजला बॅटऱ्या असतात. अलीकडे तुझ्या डब्यापुरता बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतलास की काम चालू राहतं. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घे. तेव्हा विचारायचं ते एवढंच: ‘माझ्या घराच्या भिंतीवर काचेचा धागा येणार की निळी-पांढरी लॅन वायर?’ उत्तर देताना माणूस घुटमळला, तर गच्चीवर जाऊन स्वतः पेटी पाहून ये.

जोडणी करायला मुलगा येईल तेव्हा कामावरून रजा घे आणि त्याच्याजवळ उभा राहा. मी दूरसंचार खात्यात इतकी वर्षं जोडण्या पाहिल्या, त्या अनुभवावरून सांगते, पुढच्या दोन वर्षांचा त्रास किंवा आराम त्या अर्ध्या तासात ठरतो. धागा जोडायच्या दोन रीती आहेत. एकीत मशिनने दोन टोकं वितळवून एक करतात. धाग्याचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, टोक काटकोनात कापायचं, मग मशिनमध्ये ठेवलं की ठिणगी पडते आणि पडद्यावर सांधा दिसेनासा होतो. दुसरीत टोकाला नुसता झटपट कनेक्टर बसवतात. पहिलीत प्रकाश जवळजवळ वाया जात नाही. दुसरी चालते, पण हात स्वच्छ आणि काप सरळ हवा. ती घाईत झाली, की वर्षाच्या आत डब्यावर लाल दिवा लागतो. कनेक्टरचा रंगही बघ. हिरवं टोक हिरव्यातच, निळं निळ्यातच. हिरव्याचं तोंड जरा तिरकं घासलेलं असतं, ते निळ्यात बसतं पण नीट टेकत नाही आणि प्रकाश वाया जातो. धागा दाराच्या बिजागरीतून किंवा कपाटामागून काटकोनात वाकवून नेऊ देऊ नकोस. वळण बांगडीइतकं मोठं ठेवायला सांग. शेवटी पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांग. वजा पंधरा ते वजा बावीस-तेवीस डीबीएम असेल तर उत्तम. वजा सत्तावीसच्या आसपास असेल तर सही करू नकोस. आज चालेल, पण धागा जरा वाकला की बंद पडेल. तो आकडा तारखेसह लिहून ठेव. पुढे तक्रार करशील तेव्हा तोच तुझा पुरावा.

आता सूनबाईच्या क्लासचं, कारण घराचं अर्धं उत्पन्न त्यावर आहे आणि मला त्याची जास्त काळजी आहे. तिचा आवाज आणि चित्र तुमच्या घरातून बाहेर जातं. म्हणजे तिला लागतो तो अपलोड. काही प्लॅनमध्ये खाली शंभर आणि वर दहा-वीसच असतात. रात्री फोन चार्जिंगला लागले, की दिवसभराचे फोटो आपोआप वर चढू लागतात, तुझा ऑफिसचा लॅपटॉपही फाइली पाठवतो आणि तो अरुंद रस्ता भरून जातो. क्लास तुटण्याचं हे कारण मला सर्वांत जास्त संभवनीय वाटतं. क्लासच्या वेळी फोटोंचा बॅकअप बंद ठेवून बघ, पैसे न घालवता निदान होईल. नवा प्लॅन घेताना खाली-वर दोन्ही वेग सारखे आहेत का, ते लेखी माग. अपलोड पन्नास असलेला शंभरचा प्लॅन अपलोड वीस असलेल्या तीनशेपेक्षा तुमच्या घराला चांगला.

दुसरी गोष्ट तिला आवर्जून सांग. तिच्या विद्यार्थिनी न्यू जर्सीत असतात. मुंबईहून सरळ रेषेतसुद्धा ते साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन निदान सव्वाशे मिलिसेकंद. खऱ्या केबली अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य असा वळसा घेऊन पुढे अटलांटिक ओलांडतात, म्हणून वेळ त्याहून जास्तच. हा उशीर तीनशेच्याच काय, हजाराच्या प्लॅननेही कमी होणार नाही. दोन्हीकडून एकत्र गायचा हट्ट तिने सोडावा. तानपुरा विद्यार्थिनीने आपल्याच बाजूला लावावा, एकीने गावं, मग दुसरीने. आणि झूममध्ये मूळ आवाज पाठवण्याची, म्हणजे ओरिजिनल साउंडची सोय चालू करावी. एरवी ते ॲप तानपुऱ्याला आणि लांब धरलेल्या सुराला पार्श्वभूमीचा गोंगाट समजून गाळतं. सूर कापला जातो अशी तिची जी तक्रार आहे, तिचा नेटशी संबंधच नसेल कदाचित.

हवेतून येणाऱ्या नेटचंही तू विचारलंस. सप्टेंबर २०२३मध्ये गणेश चतुर्थीला जिओने एअरफायबर आणलं, त्यात तुमचं पुणेही होतं. एअरटेलने थोडं आधी मुंबई-दिल्लीत सुरू केलं होतं. तुमच्या गल्लीत फायबर असताना त्याच्या वाटेला जाऊ नकोस. टॉवरची क्षमता रस्त्यावरच्या मोबाइलवाल्यांबरोबर वाटून घ्यावी लागते. जिथे धागा पोचतच नाही तिथे मात्र ते घ्यावं. आपल्या गावच्या घराला मी तेच सुचवणार आहे.

सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नकोस. पहिले दोन महिने महिन्याचाच प्लॅन घे, थोडा महाग पडला तरी चालेल. डिपॉझिट परत मिळणारं आहे का, राउटर परत द्यावा लागेल का, मधेच सोडलं तर काय, हे पावतीवर लिहून घे. ‘अमर्यादित’ म्हणतात त्यालाही मर्यादा असते. पुष्कळ प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी असते, ती तुम्हाला कधी लागणार नाही. पण छोट्या कंपनीची किती आणि त्यानंतर वेग किती उरतो ते विचार. ओटीटीची जोड पाहून प्लॅन निवडू नकोस. तुम्ही काय पाहता हे मला माहीत आहे. जुनी लाइन नवी सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनीच बंद कर.

तक्रार फोनवर केलीस तरी डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला फी लागत नाही, पण तो क्रमांक लागतो. लोक रागाने कंपनी बदलतात आणि अपील करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. अपिलाची नोंद होते, ती दडपता येत नाही.

आठवडाभराचे आकडे मला पाठव, सकाळचे वेगळे आणि रात्रीचे वेगळे, खाली आणि वर दोन्ही, वायरीवरचे. वायरीवर रात्रीही नव्वद येत असतील तर कपाटातला राउटर बाहेर काढायचा आणि केबल ओढायची, बाकी काही नाही. रात्रीच पडत असतील तर शेजाऱ्यांकडे चांगली चालणारी दुसरी कंपनी बघू. दोन्ही ठीक असून लाइन खरोखर भरत असेल, तर तीनशेचा खुशाल घे. इमारतीतली फायबरची पेटी कुठे आहे तेही बघून ठेव आणि तिचा एक फोटो काढून पाठव. झाकण उघडं असेल तर आतलाही.

सूनबाईला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझी,
आत्या