त्रिकोणाची बेरीज १८० अंशच का?

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षेत लिहून गुण मिळवतो. विद्यार्थी मित्रांनो, आज एक साधा प्रयोग करा. एक मोसंबे घ्या. देठापासून फळाच्या मध्यापर्यंत पेनने सरळ रेघ ओढा. तेथून काटकोनात वळून, मध्यावरच पाव फेरी पुढे जा. पुन्हा काटकोनात वळून देठाकडे परत या. तयार झालेल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत. बेरीज २७० अंश! मग चुकले कोण?

चुकले कोणीच नाही. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने जी भूमिती मांडली, ती सपाट पृष्ठभागाची आहे. तिच्या पाचव्या गृहीतकाचा सोपा अर्थ असा की, रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. हे गृहीतक उरलेल्या चार गृहीतकांवरून सिद्ध करण्यासाठी विद्वान दोन हजार वर्षे झटले; पण यश आले नाही.

शेवटी काहींनी उलटा प्रश्न विचारला : हे गृहीतक मानलेच नाही तर? जर्मनीच्या गाऊसला उत्तर दिसले होते. पण लोक ओरड करतील म्हणून त्याने ते प्रसिद्ध केले नाही. हंगेरीच्या यानोश बोल्यायला वडिलांनी या वाटेला जाऊ नकोस असे बजावले होते. तरी त्याने आपले संशोधन १८३२ मध्ये छापले. रशियातील निकोलाय लोबाचेव्हस्की त्याआधीच, १८२९ मध्ये पुढे आला होता. लहानपणी पितृछत्र हरपलेला हा मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर शिकला आणि पुढे कझान विद्यापीठाचा रेक्टर झाला. विद्वानांनी त्याच्या भूमितीची टिंगल केली. अखेरच्या काळात दृष्टी गेली, तरी त्याने आपला शेवटचा ग्रंथ दुसऱ्याकडून लिहवून घेतला. १८५६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या कार्याची थोरवी फार थोड्यांना उमगली होती.

त्याच्या भूमितीत एका बिंदूतून अनेक समांतर रेषा निघतात व त्रिकोणाची बेरीज १८० अंशांहून कमी भरते. घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठभागावर ही बेरीज अशीच कमी भरते. १८५४ मध्ये रीमानने वक्र अवकाशाचा व्यापक विचार मांडला. त्याच गणिताच्या आधारे आइन्स्टाइनने १९१५ मध्ये सांगितले की, वस्तुमानामुळे अवकाश व काळ वक्र होतात. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वळलेले आढळले.

याचा आपल्याशी संबंध काय? पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून पाहा. सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेला सुमारे ६५ अक्षांशापर्यंत चढतो! मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळे सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. म्हणजे दुरुस्ती केली नाही, तर दिवसाला दहा-अकरा किलोमीटरची चूक साचेल.

घराचा पाया आखताना युक्लिडच उपयोगी पडतो, कारण लहान अंतरात जमिनीची वक्रता जाणवत नाही. म्हणून जुने ज्ञान टाकून द्यायचे नाही. ते कोठपर्यंत लागू पडते हे तपासायचे. सर्वजण मानतात म्हणून एखादी गोष्ट सिद्ध होत नाही. वर्गात "असे का?" असा प्रश्न मनात आला, तर तो दाबून ठेवू नका. हात वर करा.