कुंती आणि कर्ण यांच्यामधली एक रेघ

डेटा स्ट्रक्चर्समध्ये ग्राफ शिकताना नोड म्हणजे शहर आणि एज म्हणजे रस्ता हे उदाहरण आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण नोडच्या जागी माणसं ठेवली तर? २०१२ साली इंग्लंडच्या कॉव्हेंट्री विद्यापीठातील मॅक कॅरन आणि केना यांनी इलियडसह युरोपातली तीन महाकाव्यं अशीच तपासली. पात्र म्हणजे नोड, दोघांमधला संबंध म्हणजे एज. आपण हेच महाभारतावर कागद-पेन्सिलीने करून बघू.

सात नोड घ्या. एकीकडे कुंती, युधिष्ठिर, भीम, अर्जुन. दुसरीकडे दुर्योधन, दुःशासन, कर्ण. ज्यांचा एकमेकांवर विश्वास आहे त्यांना रेघेने जोडा. पहिल्या गटात ६ रेघा होतात, दुसऱ्यात ३. ग्राफचे दोन तुकडे पडले. युद्ध होणारच!

आता कुंती आणि कर्ण यांच्यात एक तुटक रेघ ओढा. तो तिचा पहिला मुलगा. मग फ्रीमन यांनी १९७७ साली मांडलेलं 'बिटवीननेस' हे माप काढा. म्हणजे इतर दोघांमधला सगळ्यात जवळचा रस्ता किती वेळा आपल्या नोडवरून जातो ते मोजायचं. कुंतीवरून ३ × ३ = ९ रस्ते जातात, कर्णावरून ४ × २ = ८. बाकी पाचही जणांचं उत्तर शून्य, त्यात अर्जुन आणि दुर्योधनसुद्धा आले. तुटक रेघ पुसली की सातही जण शून्य.

गंमत म्हणजे ही रेघ कथेत आहे, पण पांडवांना ती दिसत नाही. कर्णाला युद्धाआधी आधी कृष्ण सांगतो, नंतर स्वतः कुंती. पांडवांना कळतं ते युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी. तरी ही रेघ फुकट गेली नाही. अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, असा शब्द कर्णाने कुंतीला दिला आणि रणांगणात हाती सापडले तरी त्यांना सोडून दिलं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी इथे सांभाळायला हवं. दोन नावं किती वेळा जवळ आली एवढंच मोजलं तर कुंती-कर्ण ही एज फार बारीक येते, आणि 'नॉइज' म्हणून आपण ती उडवून टाकतो. दुसरं म्हणजे राधेय आणि कर्ण, पार्थ आणि अर्जुन हे वेगळे नोड होऊ देऊ नका. डेटासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती (काम १९१९ ते १९६६) घ्यावी, टीव्ही सिरियल नको. आणि कोणती रेघ महत्त्वाची हे कळायला इरावती कर्वे यांचं 'युगान्त' (१९६७) वाचा. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, त्यामुळे नाती कशी बघायची ते त्यांच्याकडून शिकता येतं.

आता होमवर्क, तोही आपल्या विदर्भाचा. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी सैन्य घेऊन मदतीला गेला. अर्जुनाने नको म्हटलं, मग दुर्योधनानेही नको म्हटलं. बहीण मात्र कृष्णाच्या घरी. कृष्ण आणि रुक्मिणी हे दोन नोड वाढवा आणि सांगा, रुक्मीला कुठे जोडाल?